वजन : चंद्रावरचे आणि मोंढ्यातले

लातूरच्या मोंढ्यात तुरीची रास लागते. मापाडी काट्याकडे पाहून आकडा पुकारतो, अडत्याचा मुनीम तो वहीत टिपून घेतो आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल त्या आकड्यावरून ठरते. नांदेड जिल्ह्यातील एखाद्या तांड्यावर अंगणवाडी सेविका लहान मुलाला झोळीत बसवून काट्याला टांगते. ते मूल वयाच्या मानाने नीट वाढत आहे की त्याला अधिक आहाराची व उपचारांची गरज आहे, याचा निर्णयही असाच एका आकड्यावरून होतो. काट्यावरच्या आकड्यावर आपण किती मोठा भरवसा टाकतो, हे या दोन प्रसंगांवरून ध्यानात येईल.

आता अशी कल्पना करू की तेच पोते आणि तेच मूल आपण चंद्रावर नेले. काटाही तोच. शंभर किलोग्रॅमचे पोते तेथे साडेसोळा किलोग्रॅम भरेल आणि दहा किलोग्रॅमचे मूल जेमतेम एक किलो साडेसहाशे ग्रॅम. वाटेत तुरीचा एक दाणाही सांडलेला नाही. मुलाच्या अंगावरचे मांस गुंजभरही उणे झालेले नाही. मग कमी झाले ते काय? आणि काटा खोटे बोलला काय?

चंद्रावर वजन सहावा हिस्सा होते, हे वाक्य शाळकरी मुलांना तोंडपाठ असते. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. परंतु त्या वाक्याच्या पोटात जो अर्थ आहे, तो नीट उलगडला तर चंद्राविषयी जेवढे कळते, त्याहून अधिक आपल्या मोंढ्यातील काट्याविषयी कळते. म्हणून हा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

ऐवज आणि ओढ

नित्याच्या बोलण्यात आपण ‘वजन’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. पोत्यात तूर किती आहे, हे एक वजन. पोते उचलताना हमालाच्या पाठीवर किती भार येतो, हे दुसरे वजन. पृथ्वीवर या दोन्ही गोष्टी नेहमी बरोबरीने वाढतात व कमी होतात, त्यामुळे त्यांतील भेद आपल्याला जाणवत नाही. शास्त्राने मात्र त्यांना दोन स्वतंत्र नावे दिली आहेत. वस्तूत असलेल्या द्रव्याचा जो ऐवज, त्याला वस्तुमान म्हणतात. त्या ऐवजाला पृथ्वी ज्या जोराने आपल्याकडे ओढते, त्या ओढीला वजन म्हणतात.

वस्तुमान हा वस्तूचा स्वतःचा गुण होय. ती वस्तू कोठेही न्या, जोवर तिच्यात भर पडत नाही किंवा घट होत नाही, तोवर तो बदलत नाही. वजन हे मात्र वस्तूचे एकटीचे नव्हे. ते वस्तू आणि ती ज्या गोलावर आहे तो गोल, या दोघांतील नाते आहे. गोल बदलला की नाते बदलते.

पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असून जड वस्तूंना ती आपल्याकडे ओढून घेते, हा विचार भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘सिद्धांतशिरोमणी’ या ग्रंथाच्या गोलाध्यायात मांडला होता. या ओढीचे गणिती प्रमाण आणि तीच ओढ चंद्राला व ग्रहांनाही लागू आहे ही व्यापक मांडणी न्यूटनने इ. स. १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली. त्या नियमानुसार वस्तुमान जितके अधिक तितकी ओढ अधिक, आणि मध्यापासूनचे अंतर दुप्पट झाले तर ओढ निमपट न होता चौथा हिस्सा होते.

सहावा हिस्साच का?

चंद्राचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे एक्क्याऐंशीव्या हिस्स्याइतके आहे. तेव्हा प्रथमदर्शनी असे वाटते की चंद्रावर आपले वजनही एक्क्याऐंशीवा हिस्सा व्हावे. साठ किलोग्रॅमचा माणूस तेथे पाऊण किलोग्रॅमचा भरावा. तसे होत नाही, याचे कारण अंतरात आहे.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर उभा असलेला माणूस तिच्या मध्यापासून सुमारे ६,३७१ किलोमीटर दूर असतो. चंद्राच्या पृष्ठभागावर उभा असलेला माणूस चंद्राच्या मध्यापासून अवघा १,७३७ किलोमीटर दूर असतो. म्हणजे तो मध्याच्या पावणेचार पटींच्या आसपास जवळ गेला. अंतराच्या वर्गाने ओढ वाढते, या नियमाप्रमाणे ही जवळीक ओढ सुमारे साडेतेरा पट वाढविते. चंद्राच्या हलकेपणामुळे ओढ ८१ पट कमी झाली आणि त्याच्या लहानपणामुळे साडेतेरा पट वाढली. ८१ ला साडेतेरांनी भागले असता उत्तर ६ येते. चंद्रावरील सहाव्या हिस्स्याचे हे रहस्य आहे.

इतर गोलांचा हिशेबही याच रीतीने करता येतो. पृथ्वीवर शंभर किलोग्रॅम दाखविणारे पोते मंगळावर सुमारे अडतीस दाखवील. गुरू हा वायूंचा गोल असल्याने त्यावर उभे राहण्यास जमीन नाही. तरी त्याच्या ढगांच्या माथ्यावर मोजता आले, तर तेच पोते अडीचशे किलोग्रॅमचे भासेल. तूर सर्वत्र एकच.

पायली, तराजू आणि ताणकाटा

धान्य मोजण्याची तीन साधने मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या परिचयाची आहेत. ही तिन्ही साधने चंद्रावर नेली तर काय होईल, हे पाहिले म्हणजे वस्तुमान आणि वजन यांतील भेद अगदी स्पष्ट होतो.

पहिले साधन पायली. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्या काळी शेर, मण, पल्ला यांच्या जोडीने पायलीचे मापही घरोघरी चालत असे. पायली वस्तू तोलत नाही. धान्याने किती जागा व्यापली, एवढेच ती सांगते. चंद्रावर दाण्यांचा आकार बदलत नाही. म्हणून येथे पायलीभर असलेली ज्वारी तेथेही पायलीभरच राहील.

दुसरे साधन दोन पारड्यांचा तराजू. एका पारड्यात माल, दुसऱ्यात लोखंडी वजने. तराजू वस्तूची ओढ मोजत नाही. तो दोन ओढींची तुलना करतो. चंद्रावर मालाची ओढ सहावा हिस्सा होईल, तशीच लोखंडी वजनांचीही होईल. दोन्ही पारडी सारख्याच प्रमाणात हलकी झाल्यामुळे दांडी येथे जशी आडवी राहिली, तशीच तेथेही राहील. शंभर किलोग्रॅम तूर तराजूने चंद्रावरही शंभर किलोग्रॅमच भरेल. साध्या तराजूने माणूस नकळत वस्तुमानच मोजत आला आहे.

तिसरे साधन ताणकाटा. त्यात स्प्रिंग असते. वस्तू टांगली की स्प्रिंग ताणली जाते आणि किती ताणली गेली, ते काट्याचा दर्शक दाखवितो. येथे तुलनेस दुसरे पारडे नाही. स्प्रिंगला फक्त ओढ कळते. ओढ सहावा हिस्सा झाली की स्प्रिंगही सहावा हिस्साच ताणली जाते. म्हणून चंद्रावर तराजू आणि ताणकाटा यांचे आकडे जुळणार नाहीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. काटा खोटे बोलत नाही. त्याला ओढ विचारली, तो ओढ सांगतो. ऐवज विचारला असे आपण समजतो, ही चूक आपली होय.

आज मोंढ्यात, रास्त भावाच्या दुकानात आणि किराणा दुकानात सर्वत्र इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत. त्यांचे आकडे लखलखीत दिसतात, त्यामुळे ते तराजूहून अधिक खरे असावेत, अशी समजूत होते. या काट्याच्या पोटात धातूचा एक तुकडा असतो. त्याला लोडसेल म्हणतात. भार पडला की हा तुकडा डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो आणि त्या वाकण्यामुळे त्यावर बसविलेल्या बारीक तारेतील विजेच्या प्रवाहात जो फरक पडतो, त्यावरून आकडा उमटतो. उसाची मालमोटार तोलणारा भुईकाटाही आता बहुधा याच तत्त्वावर चालतो. इलेक्ट्रॉनिक काट्याचे रूप नवे असले, तरी तो तराजूच्या कुळातला नसून ताणकाट्याच्या कुळातला आहे. तोही ओढच मोजतो. या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

चंद्रभूमीवरील अनुभव

वजन कमी झाले, पण वस्तुमान तेवढेच राहिले, याचा अनुभव प्रत्यक्ष देहाने घेणारी माणसे आजवर बारा झाली. भारतीय वेळेप्रमाणे २१ जुलै १९६९ च्या सकाळी नील आर्मस्ट्राँगने चंद्रभूमीवर पहिले पाऊल टाकले आणि डिसेंबर १९७२ पर्यंत सहा मोहिमांतून बारा अंतराळवीर तेथे वावरले. त्यांचा पोशाख आणि पाठीवरील प्राणवायूची सामग्री मिळून सुमारे नव्वद किलोग्रॅमचा ऐवज होता. एवढे ओझे घेऊन पृथ्वीवर चार पावले टाकणेही कठीण. चंद्रावर त्याचा भार पंधरा किलोग्रॅमइतका वाटत असे.

असे असूनही तेथे चालणे सोपे नव्हते. आपले चालणे म्हणजे प्रत्येक पावलागणिक पुढे झुकून पडणे आणि दुसऱ्या पायाने सावरणे होय. चंद्रावर वस्तू सावकाश पडते. एक मीटर उंचीवरून सोडलेला दगड पृथ्वीवर अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीला टेकतो, तर चंद्रावर त्याला एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. त्यामुळे नेहमीची चाल तेथे फार मंद पडते. अंतराळवीरांना उड्या मारीत जाणेच अधिक सोयीचे वाटले. कित्येकदा तोल जाऊन ते पडलेही.

अडचण आणखी एका ठिकाणी होती. पायाची जमिनीवरील पकड ही वजनावर अवलंबून असते. वेगात आलेले शरीर थांबविण्यास लागणारा जोर मात्र वस्तुमानावर अवलंबून असतो. चंद्रावर पकड सहावा हिस्सा झाली, पण थांबवायचा ऐवज पूर्वीइतकाच राहिला. मोंढ्यातील हमालाचे उदाहरण घेतले तर हे लवकर पटेल. शंभर किलोग्रॅमचे पोते चंद्रावर पाठीवर घेतले असता त्याला ते साडेसोळा किलोग्रॅमचे वाटेल आणि तो आनंदाने धावत सुटेल. पण वखारीच्या दाराशी थांबू म्हणेल तेव्हा पोते त्याला शंभर किलोग्रॅमच्याच जोराने पुढे लोटील आणि पायाखालची जमीन त्याला सहाव्या हिस्स्याचाच आधार देईल. ओझे हलके झाले म्हणून धक्का हलका होत नाही.

दुसरा एक प्रसंग १९७१ च्या ऑगस्टमधील आहे. अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉटने चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पक्ष्याचे पीस एकाच वेळी सोडले. दोन्ही एकाच क्षणी जमिनीला टेकले. हातोड्याला चंद्र अधिक जोराने ओढतो हे खरे, पण हातोड्याला हलविण्यास जोरही तितकाच अधिक लागतो. हिशेब सारखा पडतो. पृथ्वीवर पीस मागे रेंगाळते ते हवेमुळे, आणि चंद्रावर हवा नाही.

आपल्या देशानेही या भेदाचा अनुभव घेतला आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रयान-३ चा ‘विक्रम’ हा अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात सुखरूप उतरला. त्याचे वस्तुमान पोटातील ‘प्रज्ञान’ या गाडीसह सुमारे १,७५० किलोग्रॅम होते. एवढ्या ऐवजाचा भार चंद्रावर अवघ्या २९० किलोग्रॅमइतका भरतो. तेव्हा त्याला अलगद टेकविणे सोपे असेल, असे कोणालाही वाटेल. पण उतरण्यास आरंभ करताना त्याचा वेग ताशी सुमारे सहा हजार किलोमीटर होता आणि तो वेग मारताना त्याचा पूर्ण ऐवज आवरावा लागत होता. ब्रेकला उपयोगी पडेल अशी हवाही तेथे नाही. सगळे काम इंजिनांनीच करावयाचे. सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान-२ च्या अवतरकाचा वेग शेवटच्या टप्प्यात हव्या त्या प्रमाणात आवरला गेला नाही आणि तो चंद्रभूमीवर आदळला. त्या अपयशातून शिकून केलेल्या सुधारणांचे फळ २०२३ मध्ये मिळाले. पुढे ३ सप्टेंबर २०२३ रोजी इंजिने पुन्हा चालवून विक्रमला सुमारे चाळीस सेंटिमीटर उचलण्यात आले व थोड्या अंतरावर पुन्हा टेकविण्यात आले. वजन कमी असल्याचा लाभ या छोट्या उडीत दिसला.

वजनच नाही, तेव्हा तोलावे कसे?

एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. अशा स्थानकात माणसे तरंगताना दिसतात, त्यामुळे तेथे पृथ्वीची ओढ पोचत नसावी, असा समज होतो. तो बरोबर नाही. चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. मात्र स्थानक आणि त्यातील माणसे एकत्रच पृथ्वीभोवती सतत पडत असतात. दोर तुटलेल्या पाळण्यात बसलेल्या माणसाचा भार जसा पाळण्यावर पडत नाही, तसेच हे आहे. काटा पायाखाली ठेवला, तर तोही सोबतच पडत असल्यामुळे शून्य दाखवील.

तराजूही तेथे निरुपयोगी, कारण दोन्ही पारडी शून्यच. परंतु अंतराळात स्नायू आणि हाडे झिजतात, म्हणून अंतराळवीराच्या शरीराचा ऐवज वेळोवेळी मोजणे प्रकृतीच्या दृष्टीने अगत्याचे असते. यासाठी युक्ती योजिली जाते ती अशी. माणसाला स्प्रिंग जोडलेल्या आसनावर बसवून झुलवितात. रिकामी हातगाडी चटकन हलते आणि भरलेली हातगाडी सावकाश हलते, त्याचप्रमाणे ऐवज अधिक असेल तर झोके सावकाश पडतात. झोक्यांचा काळ मोजून वस्तुमान काढतात. वजन नाहीसे झाले तरी वस्तुमान आपले अस्तित्व असे प्रकट करते.

नांदेडहून लातूरला

वजन बदलण्यासाठी चंद्रापर्यंत जाण्याची वास्तविक गरज नाही. पृथ्वी पूर्ण गोल नसून विषुववृत्तापाशी फुगलेली आहे आणि ती स्वतःभोवती फिरते. या दोन कारणांमुळे ध्रुवावर वजन सर्वांत अधिक व विषुववृत्तावर सर्वांत कमी भरते. हा फरक क्विंटलमागे सुमारे अर्धा किलोग्रॅम आहे. उंचीवर गेल्यासही वजन किंचित घटते.

नांदेड गोदावरीच्या काठी आहे. लातूर बालाघाटाच्या पठारावर, नांदेडपेक्षा दोनशे मीटरांहून अधिक उंच आणि थोडे दक्षिणेस आहे. दोन्ही कारणे लातूरचे वजन कमी करणारी आहेत. तुरीचे शंभर किलोग्रॅमचे पोते नांदेडच्या मोंढ्यात ताणकाट्यावर अचूक शंभर भरले आणि तोच काटा व तेच पोते लातूरला नेले, तर गणिताप्रमाणे आकडा सुमारे दहा ग्रॅमनी कमी यावयास हवा. तराजूवर मात्र मुळीच फरक पडणार नाही.

दहा ग्रॅम ही मूठभर तूरही नव्हे. मोंढ्यातील काट्यावरचा सर्वांत लहान भाग सामान्यतः यापेक्षा मोठा असल्याने हा फरक व्यवहारात दिसतही नाही. पण काटा जर लंडनसारख्या दूरच्या उत्तरेकडील शहरात जुळविलेला असेल आणि तसाच आणून लातूरला ठेवला, तर क्विंटलमागे सुमारे तीनशे ग्रॅम कमी दाखवील. हे नुकसान विकणाऱ्याचे, म्हणजे शेतकऱ्याचे. म्हणूनच ओढ मोजणारा काटा जेथे वापरावयाचा, तेथेच प्रमाणित वजने ठेवून जुळवून घ्यावा लागतो. लोखंडी प्रमाणित वजनांनी इलेक्ट्रॉनिक काटा तपासणे म्हणजे एका अर्थाने त्याला पुन्हा तराजूची शपथ घालणे होय.

ओढीतील असे सूक्ष्म फरक इतर कामीही येतात. भूगर्भात जड खडक असेल तेथे ओढ किंचित अधिक आणि हलका खडक असेल तेथे किंचित कमी असते. अतिसंवेदनशील गुरुत्वमापकाने हे फरक टिपून भूगर्भरचनेचा अंदाज बांधता येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसराला झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी या भागाच्या भूगर्भाचा जो कसून अभ्यास केला, त्यात गुरुत्वमापनाचाही समावेश होता. किल्लारी येथे संशोधनासाठी घेतलेल्या खोल विंधनात वरचा काळा पाषाण सुमारे ३४० मीटर जाडीचा आढळला व त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. पौर्णिमेच्या चंद्रावर आपल्याला जे काळे डाग दिसतात व ज्यांत कोणी हरीण पाहतो, कोणी ससा, तेही याच जातीच्या काळ्या, लाव्हापासून झालेल्या पाषाणाचे विस्तीर्ण सपाट प्रदेश आहेत, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे.

नांदेडच्या शेजारी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. परस्परांशी काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, हे तिचे स्वरूप आहे. दूरवरच्या अवकाशात कृष्णविवरांसारखे महाप्रचंड ऐवज एकमेकांवर आदळतात, तेव्हा उठणाऱ्या लहरी ती टिपणार आहे. मोंढ्यात पोते खाली ओढणारी जी शक्ती, तिचाच हा अतिसूक्ष्म आविष्कार होय.

काट्याचा खरेपणा

१९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजनमापे स्वीकारली गेली व १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. गावोगावच्या निरनिराळ्या शेर-मणांची जागा किलोग्रॅमने घेतली. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, ओढीचे नव्हे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ओढीचे एकक न्यूटन हे आहे. भारताचा प्रमाण किलोग्रॅम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जतन केलेला आहे. २० मे २०१९ पासून तर जगाने किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या दंडगोलावरून काढून निसर्गातील एका स्थिरांकावर बसविली, जेणेकरून ती कोठेही व केव्हाही बदलू नये. कायद्याचा आशय स्पष्ट आहे. शेतकऱ्याला मोल मिळावयाचे ते तुरीच्या ऐवजाचे. पृथ्वी तिला किती जोराने ओढते, याचे नव्हे.

हा ऐवज खरा मोजला जावा, यासाठी वैधमापनशास्त्र यंत्रणा काम करते. २००९ च्या वैधमापन कायद्याखालील नियमांप्रमाणे लोखंडी वजने आणि साधा तराजू यांची पडताळणी दर दोन वर्षांनी, तर इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी करून घेऊन त्यावर मुद्रा उमटविणे बंधनकारक आहे. दोन मुदतींतील या फरकाचे एक कारण आता वाचकांच्या लक्षात येईल. तराजू तुलना करतो, त्यामुळे तो सहसा बिघडत नाही. लोडसेल ओढीने वाकतो आणि वापराने, उष्णतेने व धक्क्यांनी त्याच्या वाकण्यात फरक पडू शकतो.

पृथ्वीमुळे नांदेड आणि लातूर यांत पडणारा फरक क्विंटलमागे दहा ग्रॅमचा. काटा शून्यावर नसेल, सपाट जागी ठेवलेला नसेल, वाऱ्याने हलत असेल किंवा त्याची मुद्रा जुनी झाली असेल, तर पडणारा फरक याच्या कितीतरी पट मोठा असू शकतो. माल चढविण्यापूर्वी काटा शून्य दाखवितो की नाही हे पाहणे, चालू वर्षाची मुद्रा आहे की नाही हे विचारणे, आणि शंका आल्यास प्रमाणित वजन ठेवून दाखविण्यास सांगणे, हा विकणाऱ्याचा हक्क आहे. त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

अंगणवाडीतील काट्याच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. १९७५ पासून देशात सुरू असलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुलांचे वजन नियमित घेऊन वाढीचा आलेख ठेवला जातो. तेथे काट्याला जे विचारावयाचे, ते मुलाच्या अंगी हाडामांसाचा ऐवज किती, हेच. झोळी टांगून दर्शक शून्यावर आणला नाही, मुलाच्या अंगावर जाड कपडे राहिले किंवा मूल हातपाय झाडत असतानाच आकडा टिपला, तर अर्ध्या किलोग्रॅमची चूक सहज होते. मोठ्या माणसाच्या बाबतीत अर्धा किलोग्रॅम क्षुल्लक. आठ-नऊ किलोग्रॅमच्या बालकाच्या बाबतीत मात्र त्या चुकीने आलेखावरील त्याची जागा बदलते आणि ज्याला आधाराची गरज आहे, ते मूल सुदृढ म्हणून नोंदले जाते.

चंद्रावर माणसाचे वजन सहावा हिस्सा होते, म्हणून तो कृश होत नाही. पृथ्वीवर परत आला की काटा पुन्हा पूर्वीचाच आकडा दाखवितो. परंतु येथे, आपल्या गावात, काटा चुकला आणि तो कोणी तपासला नाही, तर शेतकऱ्याचे गेलेले धान्य आणि मुलाचे हुकलेले दिवस परत येत नाहीत. काट्यावर आकडा दिसला म्हणजे तो कशाचा आहे, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. चंद्राच्या अभ्यासाने मोंढ्याला आणि अंगणवाडीला दिलेली ही शिकवण लहान खरी, पण रोज उपयोगी पडणारी आहे.